बंद करण्याची कळ कोणाच्या हाती? डिस्टोपियन विज्ञानकथांतील प्रतिमा आणि इशारे

प्रश्न: वाचनमग्न

गेले काही महिने मी डिस्टोपियन, म्हणजे भयावह भविष्यातला समाज रंगवणाऱ्या, विज्ञानकथा त्यांच्या प्रकाशनाच्या क्रमाने पुन्हा वाचते आहे. यांतल्या बऱ्याचशा मी विशीत वाचल्या होत्या, आणि तेव्हा त्यांतल्या प्रतिमा मनात घट्ट रुतून बसल्या होत्या: भिंतीवरून पाहणारा पडदा, नावाऐवजी क्रमांक लावलेली माणसे, जमिनीखालच्या एकट्या खोल्या, मालकावर उलटणारा यंत्रमानव. या दुसऱ्या वाचनात मात्र एक अडचण वारंवार समोर येते आहे, आणि ती इथल्या जाणत्या वाचकांपुढे मांडावी असे वाटले.

अडचण अशी, की या प्रतिमा आता इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की त्यांच्यामागचा इशारा ऐकूच येत नाही. ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीचे उदाहरण घेते. टेलिस्क्रीन, म्हणजे घरातल्या माणसांवर पाळत ठेवणारा भिंतीवरचा पडदा, म्हटले की ‘आपल्यावर रोखलेला डोळा’ एवढेच चित्र उभे राहते, आणि ते ज्यांनी पुस्तक उघडलेलेही नाही त्यांच्याही डोळ्यांपुढे उभे राहते. पण पहिल्याच प्रकरणात लेखकाने एक साधा तपशील दिला आहे: नायक विन्स्टनच्या घरातल्या त्या पडद्याचा आवाज कमी करता येतो, पण तो पूर्णपणे बंद करण्याची सोयच नाही. पुढे, कादंबरी अर्धी उलटून गेल्यावर, विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्यूलिया सत्ताधारी पक्षातला वरिष्ठ अधिकारी असलेल्या ओब्रायनच्या घरी जातात. ओब्रायन सहजपणे भिंतीकडे वळतो, एक कळ दाबतो आणि पडद्याचा आवाज मध्येच तुटतो. ज्यूलियाच्या तोंडून आश्चर्याचा बारीक उद्गार निघतो. आणि मनात भीती असूनही ‘तुम्हाला तो बंद करता येतो!’ हे शब्द विन्स्टनला आवरता येत नाहीत. आम्हाला तेवढी सवलत आहे, असे ओब्रायन उत्तर देतो.

पहिल्या वाचनात हा प्रसंग मी कथानकाच्या ओघात ओलांडून गेले होते. आता मला वाटते की तंत्रज्ञानाविषयी ऑर्वेल यांना जे सांगायचे होते त्यातले बरेच त्या एका कळीत आहे. दोन्ही घरांत यंत्र तेच आहे. एका घरात ते बंद होते आणि दुसऱ्या घरात होत नाही. डोळ्याच्या चित्रात हा फरक मावत नाही, आणि तरीही जगभर पसरला तो डोळाच.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. या कथांतल्या प्रतिमा इतक्या प्रभावी असल्यामुळेच त्यांचा इशारा झाकला जातो का? आणि कोणत्या कथेतली कोणती प्रतिमा आज वाचतानाही तुम्हाला जागे करते? केवळ शीर्षकांची यादी नको आहे. शक्य असेल तर नेमका प्रसंग सांगावा आणि त्यातला इशारा तुमच्या मते कशाविषयी आहे तेही लिहावे.

प्रतिसाद १: देखभाल विभाग

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी कारखान्यांतल्या नियंत्रण यंत्रणांच्या देखभालीचे काम बरीच वर्षे केले आहे, आणि त्या कामामुळे एक कथा मला इतर सगळ्यांपेक्षा जवळची वाटते: ई. एम. फॉर्स्टर यांची १९०९ सालची ‘द मशीन स्टॉप्स’. रेडिओचे प्रसारण घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली ही कथा. त्यात माणसे जमिनीखाली, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात, आणि अन्न, संगीत, स्नान, संभाषण असे सर्व काही कळ दाबताच हजर होते. या कथेची चर्चा होते ती बहुतेक वेळा दूरच्या माणसाशी पडद्यावरून बोलण्याच्या भाकितासाठी. पण आपण विचारलेल्या ‘बंद करण्याच्या कळी’विषयीही त्यात एक सुरेख तपशील आहे. कथेतली आई, वाश्ती, मुलाशी बोलण्यासाठी इतर सर्व संपर्क तोडणारी कळ दाबते. बोलणे संपल्यावर ती कळ पूर्ववत करते, तेव्हा मधल्या तीन मिनिटांत साचलेल्या सगळ्या घंटा आणि सगळे आवाज एकदम तिच्या अंगावर कोसळतात. म्हणजे कळ तिच्या हाताशी आहे, ती चालतेही. पण ती वापरल्याची किंमत लगेच वसूल केली जाते.

मला मात्र या कथेचा खरा इशारा उत्तरार्धात दिसतो, आणि तो देखभालीविषयी आहे. यंत्र एका क्षणात बंद पडत नाही. सुरुवातीला एका प्रकारच्या संगीतात मध्येच धाप लागल्यासारखा उसासा ऐकू येऊ लागतो. वाश्ती दुरुस्ती समितीकडे तक्रार करते, आणि लवकरच दुरुस्ती होईल असे उत्तर तिला मिळते. दुरुस्ती होत नाही. काही काळाने तो उसासा तिला खटकेनासा होतो. तो त्या रचनेचाच भाग आहे असे ती धरून चालते. मग कृत्रिम फळांना बुरशी लागते, स्नानाच्या पाण्याला दुर्गंधी येते, कविता करणाऱ्या यंत्राची यमके चुकू लागतात, आणि प्रत्येक वेळी आधी तक्रार, मग सवय, हाच क्रम चालू राहतो. अखेर कळते की दुरुस्ती करणारी यंत्रणाच दुरुस्तीला आली आहे. फॉर्स्टर यांनी याचे कारणही सांगून ठेवले आहे: जो तो आपल्या वाट्याचे काम जितके चांगले शिकत गेला, तितके शेजाऱ्याचे काम त्याला कळेनासे झाले, आणि संपूर्ण यंत्र समजणारा माणूस जगात एकही उरला नाही.

हे वाचताना मला कल्पित काहीच वाटत नाही. नियंत्रण कक्षात धोक्याचे दिवे आणि घंटा वाढत गेल्या की त्या न वाचताच ‘पाहिले’ अशी नोंद करण्याची सवय हाताला लागते. हे मी अत्यंत प्रामाणिक आणि कुशल माणसांच्या बाबतीत पाहिले आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या होत्या. दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप बंद व्हायला हवी होती; तिचा दिवा विझला, म्हणून ती बंद झाली असे चालकांनी मानले. पण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडप बंद करण्याचा आदेश गेला, एवढेच तो सांगत होता. झडप प्रत्यक्षात उघडीच अडकली होती आणि दोन तासांहून अधिक काळ तिच्यातून शीतक पाणी निघून जात राहिले. अणुभट्टीच्या गाभ्याचा बराचसा भाग त्यात वितळला.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे: ज्या प्रतिमेत यंत्र दुष्ट नसते, ते नुसते हळूहळू बिघडत असते आणि माणूस त्या बिघाडाला सरावत जातो, ती मला जागे करते. लाल डोळ्याच्या, सूड घेणाऱ्या यंत्राची मला फारशी भीती वाटत नाही, कारण त्याच्याशी निदान लढता तरी येते. संगीतातल्या त्या उसाशाशी कोणी लढत नाही.

प्रतिसाद २: शून्य अंश

देखभाल विभाग यांच्या प्रतिसादाला जोडून एका अभियंत्याचीच कादंबरी सुचवतो. येव्गेनी झाम्यातिन हे जहाजबांधणीचे अभियंते होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या कामावर देखरेख करण्यासाठी ते इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहिले होते. त्यांनी १९२०-२१ मध्ये लिहिलेली ‘वी’ ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झाली. त्यांच्या स्वतःच्या देशात ती छापली गेली थेट १९८८ मध्ये.

या कादंबरीतले शहर काचेचे आहे. घरे, भिंती, रस्ते, सर्व पारदर्शक. पडदे ओढून घेण्याचा हक्क फक्त शरीरसंबंधासाठी नेमून दिलेल्या दिवशी, गुलाबी कुपन दाखवल्यावर मिळतो. आपल्या प्रश्नातली कळ इथे कुपनाच्या रूपात आहे असे म्हणता येईल. पण मला अधिक विचार करायला लावते ती निवेदकाची भाषा. डी-५०३ हा क्रमांक धारण करणारा निवेदक स्वतः अवकाशयान बांधणारा गणितज्ञ आहे आणि काचेच्या त्या शहरावर त्याचे मनापासून प्रेम आहे. सकाळी लाखो माणसे एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी घास तोंडात घालतात, यात त्याला गणितातल्या सिद्धतेसारखे सौंदर्य दिसते. कामगाराच्या हालचाली मोजून कामाची गती ठरवणारा अमेरिकन अभियंता टेलर त्या राज्यात प्राचीनांमधला सर्वांत थोर मानला जातो. वाचक या वर्णनाने शहारतो, निवेदक मात्र सुखावतो.

इथे काच हे पाळतीचे चित्र आहेच, पण त्याआधी ते नेटकेपणाचे चित्र आहे. आपल्यापैकी जे रचना करतात, आकडेमोड करतात, यंत्रे बांधतात, त्यांना नेटकेपणाची ओढ असतेच, आणि झाम्यातिन यांना ती आतून माहीत होती म्हणून त्यांचा इशारा बाहेरून बोट दाखवणाऱ्यासारखा वाटत नाही. शेवटी क्ष-किरणांनी कल्पनाशक्ती नष्ट करण्याची शस्त्रक्रिया सर्वांवर सक्तीची होते. ती झाल्यावर डी-५०३ आपल्या प्रेयसीचा छळ समोर बसून, कसलीही कालवाकालव न होता पाहतो आणि त्याची व्यवस्थित नोंद करतो. शेवटच्या पानावरचे ते शांत गद्य मी दोनदा सलग वाचू शकलेलो नाही.

प्रतिसाद ३: संध्यावाचक

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण मूळ प्रश्नातल्या एका गृहीतकाशी मी सहमत नाही. आपण असे धरून चालला आहात की बंद करण्याची कळ वरच्यांनी आपल्या हाती ठेवली आहे आणि खालच्यांना ती हवी आहे. डिस्टोपियन लेखनातल्या एका मोठ्या धारेत कळ सर्वांना दिलेली असते, मात्र ती दाबावी असे कोणालाच वाटत नाही. माझ्या मते आज अधिक उपयोगाचा इशारा या धारेत आहे.

रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये पुस्तके जाळणारे बंबवाले सर्वांना आठवतात. आगीची प्रतिमा इतकी तेजस्वी आहे की तिच्यापुढे घराच्या आतले काहीच दिसत नाही, आणि या बाबतीत आपले म्हणणे मला पटते. पण त्या घरात डोकावून पाहा. बैठकीच्या खोलीच्या तीन भिंती पडद्यांच्या झाल्या आहेत आणि नायकाची पत्नी मिल्ड्रेड चौथ्या भिंतीसाठी हट्ट धरून बसली आहे; फक्त दोन हजार डॉलर तर लागतील, असे ती म्हणते, आणि ते माझ्या वार्षिक पगाराचा एक तृतीयांश आहेत, असे तो सांगतो. रात्री झोपतानाही तिच्या कानांत शिंपल्यांसारखे छोटे रेडिओ असतात. तिच्यावर कोणी सक्ती केलेली नाही. बंबवाल्यांचा प्रमुख बीटी तर स्पष्टच सांगतो, की ही बंदी सरकारकडून खाली आलेली नाही; माणसांनी आधी वाचणे सोडले, लहान-मोठ्या प्रत्येक गटाला न दुखावणारा मजकूर हवासा झाला, आणि बंब त्यानंतर आले.

त्याच कादंबरीत फेबर नावाचे वृद्ध प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडेही दूरचित्रवाणी संच आहे, पण तो पोस्टकार्डाएवढा. वेळ पडली तर तळहाताने झाकता येईल एवढीच वस्तू आपल्याला हवी होती, असे ते सांगतात. पुस्तक मिटून ‘जरा थांब’ म्हणता येते, भिंतीला तसे म्हणता येत नाही, हाही विचार त्यांचाच. विझवता येण्याजोगे यंत्र हवे असेल तर ते आधी झाकता येण्याजोगे असावे लागते, असा हा आकाराचा विचार आहे. त्या कादंबरीतली माझी सर्वांत आवडती प्रतिमा तो तळहातच आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक प्रसंग सांगतो. फिलिप के. डिक यांच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) या कादंबरीची सुरुवात नवरा-बायकोच्या भांडणाने होते. मनाची अवस्था हवी तशी लावून देणारे यंत्र घरात आहे. क्रमांक फिरवला की उत्साह, क्रमांक फिरवला की समाधान. बायको म्हणते, आज मला कोणताच क्रमांक फिरवावासा वाटत नाही. त्यावर नवरा सुचवतो, मग ३ हा क्रमांक फिरव, म्हणजे क्रमांक फिरवण्याची इच्छा होईल. या यंत्राला बंद करण्याची कळ नक्कीच असेल. पण ती दाबण्याची इच्छा जिथून यायची, त्या जागेवरच यंत्र बसवलेले आहे. ऑर्वेल यांच्या कळीपेक्षा हा पेच मला अधिक अवघड वाटतो, कारण इथे दोष द्यायला ओब्रायन नाही.

प्रतिसाद ४: कोरे पान

संध्यावाचक यांचे म्हणणे अर्धे पटले. स्वेच्छेची धारा महत्त्वाची आहे, परंतु तिच्यावर फार भर दिला की ज्यांच्या बाबतीत कळ खरोखरच दुसऱ्याच्या हाती असते, त्यांचा अनुभव चर्चेतून निसटतो. अशा एका प्रसंगाविषयी लिहिते, कारण त्यात प्रतिमा जवळजवळ नाहीच.

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हॅन्डमेड्स टेल’ (१९८५) मधला लाल पोशाख आणि पांढरे शिरोवस्त्र आता सर्वत्र ओळखले जाते. पण स्त्रियांचे हक्क काढून घेणारी ती व्यवस्था उभी कशी राहिली, हे सांगणारा भाग अगदी साधा आहे. निवेदिका नेहमीच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते, आपल्या संगणकीय खात्याचा क्रमांक देते, आणि तो चालत नाही. तिला वाटते काहीतरी तांत्रिक चूक असेल. त्याच दिवशी तिची नोकरी जाते. मग मैत्रिणीकडून कळते की ज्या खात्यांपुढे स्त्री असल्याची खूण होती ती सगळी गोठवली गेली आहेत. काही कळा दाबण्यापलीकडे कोणाला काही करावे लागले नाही. स्त्रीचे पैसे आता तिचा नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक वापरू शकेल. निवेदिकेचा नवरा प्रेमळ आहे, तिला धीर देतो, आपण तुझी काळजी घेऊ म्हणतो. आणि त्या क्षणापासून दोघांमधले काहीतरी बदलून गेल्याचे तिला जाणवते.

या प्रसंगात पाहणारा डोळा नाही, धातूचा माणूस नाही, आग नाही. नोंदवहीतला एक रकाना आहे. तो रकाना जेव्हा आखला गेला तेव्हा त्यात कोणाचाही वाईट हेतू नसावा. मानवी इतिहासात कधीच घडले नाही असे काही या पुस्तकात घालायचे नाही आणि अस्तित्वात नसलेले तंत्रज्ञानही घालायचे नाही, असा नियम आपण स्वतःला घालून घेतला होता, असे ॲटवुड यांनी लिहिले आहे. हा नियम लक्षात ठेवून वाचले तर ती कादंबरी भविष्याविषयीची राहत नाही.

इतिहासातला असा रकाना शोधायला फार दूर जावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये अत्यंत काटेकोर लोकसंख्या नोंदणी होती आणि त्यात धर्माचीही नोंद होती. नागरी कारभाराच्या सोयीसाठी तयार झालेली ही पत्रके जर्मन ताब्याच्या काळात ज्यू नागरिकांना शोधून काढण्यासाठी वापरली गेली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या काही जणांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून स्फोट घडवला, तो ती पत्रके नष्ट करण्यासाठी. हल्ला करणाऱ्यांत चित्रकार आणि लेखक विलेम आरोन्देउस होते; त्या वर्षीच्या १ जुलैला त्यांना मृत्युदंड देण्यात आला. पत्रकांचा काही भागच नष्ट करता आला.

मी हा प्रसंग मुद्दाम सांगते आहे, कारण बंद करण्याची कळ मुळात ठेवलेलीच नसेल तर काय करावे लागते हे त्यातून दिसते. आणि एका चित्रकाराला कार्डांच्या कपाटात धोका दिसला, याचे मला फार अप्रूप वाटते. कपाट दिसायला भयंकर नसते. डिस्टोपियन कथा लिहिणाऱ्यांपुढचे सर्वांत कठीण काम कदाचित हेच असावे, की रकान्याला, कार्डाला, यादीला अशी प्रतिमा द्यायची जी वाचकाच्या मनात डोळ्याइतकी टिकेल. ॲटवुड यांनाही अखेर लाल पोशाखच द्यावा लागला.

प्रतिसाद ५: मूळ शब्द

थोडक्यात एक भर घालतो. प्रतिमा इशाऱ्याला गिळते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘रोबो’ हेच आहे. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून (प्रकाशन १९२०, पहिला महत्त्वाचा प्रयोग प्राग येथे जानेवारी १९२१) तो शब्द जगात गेला. तो त्यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता आणि त्याचे मूळ चेक भाषेतल्या ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार या शब्दात आहे. नाटकातले रोबो धातूचे नाहीतच. ते रासायनिक द्रव्यापासून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे जीव आहेत आणि ते स्वस्त मजूर म्हणून विकले जातात. बंडानंतर ते एकाच माणसाला जिवंत ठेवतात, बांधकामावरच्या आल्क्विस्टला, कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो.

पुढे रोबो पत्र्याचा झाला, आणि नाटकातला श्रमाचा प्रश्न बाजूला पडून ‘यंत्र उलटले’ एवढेच उरले. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’चे (१८१८) तसेच झाले. कादंबरीतला जीव वाचायला शिकतो, मिल्टनचे महाकाव्य वाचतो, आपल्या निर्मात्याला अतिशय मुद्देसूद भाषेत जाब विचारतो, की मला निर्माण करून टाकून का दिलेस? पडद्यावर तो मुका झाला. त्यामुळे जाब विचारणारा गप्प झाला आणि फक्त घाबरवणारा राहिला. वाचनमग्न यांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर त्यामुळे ‘होय’ असेच आहे. मात्र दोष मूळ लेखकाकडे फारसा जात नाही. तपशील गाळून प्रतिमा पुढे नेणाऱ्या आपल्या सर्वांकडे तो येतो.

वाचनमग्न यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. संध्यावाचक यांच्या आक्षेपावर दोन दिवस विचार केला. कळ वरच्यांच्याच हाती असते हे मी धरून चालले होते, ते पुरेसे नाही हे मान्य करते. फेबर यांच्या तळहाताची प्रतिमा मी याआधी दोनदा वाचूनही मला आठवत नव्हती. आता ती विसरणार नाही.

पण देखभाल विभाग यांनी सांगितलेल्या दिव्याने मला पुन्हा ऑर्वेल यांच्याकडेच नेले, आणि माझ्याच प्रश्नातली एक मोठी चूक सापडली. ओब्रायनने कळ दाबली आणि पडदा बंद झाला, असे मी लिहिले. प्रत्यक्षात विन्स्टनला काय दिसले? आवाज थांबला, एवढेच. आणि ओब्रायन हा त्यांना अडकवायलाच बसला होता, हे पुढे उघड होते. त्या संध्याकाळचे विन्स्टनचे बोलणे ध्वनिमुद्रित झालेले असते आणि ते त्याला कोठडीत ऐकवले जाते. म्हणजे दिवा विझला होता आणि झडप उघडीच होती.

मग जुन्या वस्तूंच्या दुकानावरच्या त्या भाड्याच्या खोलीचा भाग पुन्हा वाचला. विन्स्टन खोलीत पाऊल टाकतो आणि त्याच्या तोंडून नकळत निघते, की इथे टेलिस्क्रीन नाही! त्यावर म्हातारा दुकानदार म्हणतो, ती वस्तू मी कधी घेतलीच नाही, फार महाग. त्या एका अभावावर विश्वास ठेवून विन्स्टन आणि ज्यूलिया तिथे आपले लहानसे घर मांडतात. टेलिस्क्रीन भिंतीवरच्या जुन्या चर्चच्या चित्रामागे होता. हे चित्र विन्स्टनला आवडले होते, आणि ज्यूलिया एकदा ते काढून साफ करणार होती.

म्हणून देखभाल विभाग यांना एक विचारायचे आहे. आपल्या व्यवसायात यंत्र खरोखर बंद आहे हे यंत्राजवळ काम करणाऱ्या साध्या माणसाला कळावे, यासाठी काही रीत आहे का? नियंत्रण कक्षातल्या दिव्यावर किंवा वरिष्ठाच्या शब्दावर विसंबून न राहता?

देखभाल विभाग यांचा प्रतिसाद

आहे. आम्ही तिला लॉकआउट-टॅगआउट म्हणतो. यंत्राच्या आत हात घालण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा, हवेचा किंवा वाफेचा दाब, जे काही असेल ते मूळ ठिकाणी तोडायचे आणि त्या खटक्याला कुलूप लावायचे. प्रत्येक कामगाराचे कुलूप वेगळे असते. एका यंत्रावर सहा जण काम करणार असतील तर सहा कुलपे लागतात, आणि प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात राहते. कुलपासोबत नावाची पट्टी असते. पाच जणांचे काम संपले आणि सहावा अजून आत असला, तर त्याचे कुलूप असेपर्यंत यंत्र सुरू होऊ शकत नाही. उत्पादन किती का अडलेले असेना.

कुलूप लावून झाले की आणखी एक पायरी असते, आणि नवशिक्यांकडून नेमकी तीच राहून जाते. यंत्र सुरू करण्याची कळ मुद्दाम दाबून पाहायची. ते सुरू झाले नाही, तरच हात आत घालायचा. मला ज्यांनी हे काम शिकवले ते प्रत्येक वेळी ती कळ स्वतः दाबत आणि मग मलाही दाबायला लावत, जरी त्यांनी आत्ताच दाबलेली मी डोळ्यांनी पाहिलेली असे.

आपल्या प्रश्नानंतर मी वाचलेल्या कथा आठवून पाहिल्या. यंत्राचे तुकडे करणारी माणसे त्यांत आहेत, यंत्रापासून पळून जाणारी आहेत, अवकाशयानात संगणकाचे एकेक स्मृतिखंड उपसून काढणारा अंतराळवीरही आहे. पण साध्या माणसाच्या खिशात किल्ली असलेले कुलूप मला कोणत्याही कथेत आठवले नाही. कोणाच्या वाचनात आले असेल तर त्या कथेचे नाव इथे जरूर लिहावे.